नृत्यशाळेची जमीन आणि माझा साडू

सोमवार, ३ मार्च

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, तुम्ही हल्ली विसरता, लिहून ठेवत जा. मी विसरत नाही. लोक मला सांगत नाहीत आणि मग सांगितलं होतं म्हणतात. तरी वही ठेवून घेतली, कारण साडूचं एकेक प्रकरण नोंदवून ठेवण्यासारखं आहे. उद्या कोणी म्हणायला नको की मी उगाच त्याच्या नावाने खडे फोडतो.

साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गाद्यांच्या दुकानात विक्रीला होता. तिथून सुटला तेव्हा दोघी बहिणींनी स्वयंपाकघरात बसून ठरवलं की त्याने माझ्या धंद्यात यायचं, आणि चहाचा कप हातात देताना मला ते कळवण्यात आलं. पंचवीस वर्षं मी लाकडी जमिनी करतोय. जुनं घासून काढायचं, मग तेलाच्या वार्निशचे तीन हात द्यायचे. लाकूड बंद होतं, पाणी आत शिरत नाही, आणि वर्षानुवर्षं कोणाला खाली वाकून बघावं लागत नाही. ऐकायला इतकं सोपं आहे की प्रत्येक गादीवाल्याला वाटतं, आपल्यालाही जमेल.

आज नृत्यशाळेच्या हॉलचं काम धरलं. संचालिका बाई स्वतः दारात उभ्या होत्या. त्यांच्या आणखी दोन शाळा आहेत आणि ही जमीन मनासारखी झाली तर तीही कामं आमचीच. ते ऐकल्यापासून घरात नवीन टूम निघाली आहे. ही म्हणते, "एवढं काम झालं की तुम्ही खुर्चीवर बसून सांगा. ब्रश भावोजी धरतील." म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि माझ्या हातातला ब्रश गादीवाल्याने घ्यायचा. ते होणार नाही. या हॉलचा शेवटचा हात मी एकटा देणार आणि सगळ्यांची तोंडं बंद करणार.

कोपऱ्यात नमुन्याला थोडं वार्निश लावून पाहिलं. नव्या डब्याला वासच नाही. कंपन्या हल्ली फसवतात. साडूने गालांवर दोन डबे असलेला मास्क चढवला होता, माझ्यासाठीही एक आणला होता. मी विचारलं, "गाद्यांत ढेकूण फार होते का रे, ही सवय लागायला?" तो हसला नाही. त्याला विनोद कळत नाही. खिडकीशी जाऊन डोळे पुसत उभा राहिला.

बुधवार, ५ मार्च

घासकाम. मशीन त्याच्या हातात दिलं तर फळ्यांवर चंद्रकोरी उठल्या असत्या, म्हणून मीच चालवलं. त्याला कडेकडेने हाताने घासायला बसवलं. गुडघ्यांखाली उशी घेऊन बसतो. गादीवाला तो गादीवालाच.

दुपारी माझी पत्र्याची खरवडणी गायब. मी त्याला सरळ विचारलं, "कुठे ठेवलीस?" तो म्हणाला, "दादा, तुमच्या मागच्या खिशात आहे." होती. आता मला सांगा, माझ्या खिशात कुठली वस्तू आहे हे त्याला कसं ठाऊक? त्यानेच घातली असणार. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

संध्याकाळी बाई खाली आल्या. वरच्या वर्गात वास जातो, मुलींची डोकी दुखतात म्हणाल्या. आज तर घासकामच होतं, वार्निश नमुन्यापुरतंच. मी म्हटलं, "बाई, नाचता येईना अंगण वाकडं, तसं आहे हे." बाईंना ते लागलं. साडूने मध्ये पडून माफी मागितली आणि डबा गच्च बंद करून बाहेर नेऊन ठेवला. डबा उघडा होता, तो माझ्याकडूनच राहिला, असंही सुचवायला त्याने कमी केलं नाही. नुसतं "राहिला होता" म्हणाला, पण सूर कळतो मला.

शुक्रवार, ७ मार्च

पहिला हात दिला.

यात गंमत अशी की वार्निशची ओली कड कधी सुकू द्यायची नसते. एक पट्टा मारला की तो ओला असतानाच पुढचा त्याला जोडायचा. थांबलात तर जोड दिसतो, आणि एकदा दिसला की आयुष्यभर दिसतो. म्हणून समोरच्या भिंतीपासून सुरुवात करून मागे मागे सरकत दारातून बाहेर पडायचं, मध्ये बोलायचं नाही, शिंकायचं नाही. हे मी त्याला दहादा सांगितलं. तो म्हणाला, "दादा, सकाळपासून हे तिसऱ्यांदा सांगताय." तीन काय नि दहा काय, डोक्यात शिरलं तर उपयोग.

काम संपल्यावर म्हणतो, खिडकीखालचा एक पट्टा कोरडा राहिलाय. मी म्हटलं, उजेड तसा पडतोय. त्याने दिवा जमिनीला टेकवून तिरका धरला. पट्टा कोरडा होता. लांब दांड्याचा बोळा त्यानेच भिजवून दिला होता, अर्धवट भिजवला असणार. मी तसं बोललो. त्याने मान हलवली आणि खाली वाकून तो पट्टा भरून घेतला. मान हलवली म्हणजे त्याने कबूल केलं.

घरी जेवणावरून तमाशा. भाजीत मीठ नाही, मसाला नाही, काही नाही. दोन दिवस बघतोय, ही पाणी शिजवून वाढते आहे. मी ताट सरकवलं. हिने माझ्या ताटातला एक घास खाल्ला आणि काही न बोलता मिठाची बरणी पुढे ठेवली. मी घातलं. पुन्हा घातलं. मग हिचे डोळे भरून आले. एवढंसं बोललं की रडायचं, हे त्या घराण्यातच आहे. हिची बहीणही तशीच.

शनिवार, ८ मार्च

डोकं ठणकतंय. कामावर गेलो नाही. पहिला हात सुकायला वेळ द्यावाच लागतो, म्हणून गेलो नाही.

सोमवार, १० मार्च

आज मी त्याला संपवणार होतो.

सकाळी हिने मला उठवलंच नाही. जाग आली तेव्हा ऊन टेबलावर आलं होतं. धावत हॉलवर पोचलो तर साडूने पहिला हात बारीक काचकागदाने घासून, पुसून, दुसरा हात देऊनही टाकला होता. मला न विचारता. दारात बूट काढून, मास्क मानेवर लोंबकळत, पाणी पीत बसला होता. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. वाऱ्याने धूळ येईल, ती ओल्या वार्निशला चिकटेल, हे शेंबडं पोरही सांगेल.

मी जमीन तिरक्या उजेडात पाहिली. धूळ नव्हती. जोड दिसला नाही. म्हणजे नशीब बघा याचं, काही न येता जमून जातं.

"कोणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"तुम्हाला बरं नव्हतं, दादा. ताई म्हणाल्या झोपू दे."

"ताई जमीन करते का? ताईला विचारून मी भाजी चिरतो का?"

तेवढ्यात बाई आल्या. छान दिसतंय म्हणाल्या, ते त्याच्याकडे बघून. मग मात्र माझ्या कपाळाची शीर उठली. बाईंसमोरच सांगितलं की हा मनुष्य गाद्या विकायचा, याला लाकूड आणि कापूस यांतला फरक कळत नाही, आणि माझ्या बायकोची बहीण नसती तर याला मी डबे धुवायलाही ठेवला नसता. बाई खाली बघायला लागल्या. साडूचा चेहरा लाल झाला. पण बोलला नाही. बोलत नाही हीच त्याची युक्ती आहे, म्हणजे मी एकटाच ओरडताना दिसतो.

बाई गेल्यावर मी अट घातली. शेवटचा हात मी एकटा देणार. दार बंद, खिडक्या बंद, तो आत पाऊल ठेवणार नाही.

"खिडक्या तरी उघड्या ठेवा, दादा. नाहीतर मास्क लावा. दोन्हींतलं एक काहीतरी करा."

"तू मला शिकवतोस?"

"नाही. विनवतोय."

"विनवायचं तर घरी जाऊन बायकोला विनव."

तो बराच वेळ हातातली बाटली फिरवत राहिला. मग म्हणाला, "बरं. मी दाराबाहेर बसतो."

"बस. पगार दरवानाचा मिळेल," मी म्हटलं. हे मात्र चांगलं सुचलं मला.

गुरुवार, १३ मार्च

काल शेवटचा हात दिला.

थोडक्यात लिहितो. नेहमीप्रमाणे समोरच्या भिंतीपासून सुरुवात केली. खिडक्या मी स्वतः लावल्या, दार लावलं. वार्निश काय सुरेख पसरत होतं. एरवी असतं तेवढं ओझंही वाटत नव्हतं, बोळा आपोआप चालला होता. जमिनीत दिव्यांची प्रतिबिंबं दिसायला लागली आणि मला फार शांत वाटलं. बऱ्याच दिवसांत असं वाटलं नव्हतं. कोणावर राग नव्हता, साडूवरसुद्धा. एवढं आठवतंय.

मग घरी आलो. साडूच्या टेम्पोतून आलो म्हणे. दमलो असेन, डुलकी लागली असेल, कारण जिना चढल्याचं आठवत नाही. जागा झालो तर उशाशी डॉक्टर. हिने बोलावला. डोळ्यांत बॅटरी मारली, बोट नाकासमोर नाचवलं, कसलीशी बाटली हुंगायला दिली. मी म्हटलं, पाणी आहे. त्याने हिच्याकडे बघितलं. वार्निशच्या जवळपासही फिरकायचं नाही, म्हणाला, नाक आणि डोकं तपासून घ्यावं लागेल. हे सगळं त्याला कोणी पढवलं ते मला कळतं. कालपर्यंत ज्याला माझं नाव माहीत नव्हतं त्या डॉक्टरला वार्निश कुठून माहीत झालं?

आणि माझी कामाची पँट हिने टाकून दिली. का, तर पाठीमागून सगळी बरबटून कडक झाली होती म्हणे. मी कामात कधी बसत नाही. पाठीमागून कशी बरबटेल? विचारलं तर, "झोपा आता."

शुक्रवार, १४ मार्च

जमीन नासवली. साडूने जमीन नासवली.

बाईंचा फोन सकाळी आला. काल जिना उतरून त्यांनी हॉल उघडला तर दारापासून आतपर्यंत पावलं. मोज्यांची. आणि परत येताना काहीतरी जड ओढत आणल्याची खूण, हॉलभर. खिडक्या सगळ्या उघड्या. त्यांनी साडूला विचारलं आणि त्याने कबूलही केलं की हो, ओल्यात मी आत गेलो होतो, चूक माझी. कशाला गेला होतास, तर उत्तर नाही. मी बाईंना सांगितलं की मशीन आतच राहिलं असेल, ते ओढून काढलं असेल त्याने. आधी काढायचं विसरला. विसरतो कोण आणि विसराळू म्हणून नाव कोणाचं?

बाई चिडल्या आहेत. पुढच्या दोन शाळांचं काम द्यायला त्या अजून तयार आहेत, पण एका अटीवर. ज्याने ही जमीन बिघडवली त्याने त्यांच्या कुठल्याही हॉलमध्ये पाऊल ठेवायचं नाही. साडूला त्यांनी हे कालच सांगितलं आणि तो हो म्हणाला. धंद्यातूनच बाजूला होतो म्हणाला. एक शब्द वाद नाही. अपराधी मन दुसरं काय करणार?

मला त्याला तोंडावर झापायचं होतं. त्याच्या घरी फोन केला तर मेहुणीने उचलला. "भावोजी, ते उठू शकत नाहीत. पाठ धरली आहे." मी म्हटलं, काम न करता पाठ धरण्याची ही पहिलीच वेळ असेल. तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला कधी काही विचारावंसंच वाटत नाही का हो?" आणि फोन ठेवून दिला. लहान मेहुणी, माझ्या लग्नात करवली म्हणून मिरवत होती, आज फोन आपटते.

असो. जिंकलो. ब्रश माझ्याच हातात राहिला. हिला सांगितलं तर हिने ताट वाढलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. दोघी बहिणी एकाच माळेचे मणी.

रविवार, १६ मार्च

दुपारी एकटाच हॉलवर गेलो. साडूची पावलं घासून काढायची आणि तो हात नव्याने द्यायचा, एवढंच डोक्यात होतं. बाईंनी किल्ली दिली.

दिवा जमिनीला टेकवून तिरका लावला. पहिली पावलं दाराशीच होती, लांब लांब टाकलेली. आत जाताना पळत गेला होता. मी त्याला शिव्या घालत मागोमाग निघालो. पावलं सरळ हॉलच्या टोकाला, समोरच्या भिंतीपाशी जात होती.

तिथे वार्निशचा डबा होता. बोळा होता, जमिनीला चिकटून वाळलेला. भिंतीलगतचा हातभर पट्टा कोरडा होता.

मी बराच वेळ त्या डब्याकडे बघत उभा राहिलो. मी समोरच्या भिंतीपासून सुरुवात करतो आणि दाराशी संपवतो. मग डबा दाराशी हवा होता. मी खाली बसून पट्ट्यांचे जोड पाहिले, कुठला कुठल्यावर चढला आहे ते. पंचवीस वर्षं तेच बघत आलोय, त्यात मला कोणी फसवू शकत नाही. सुरुवात दारापासून झाली होती. मी दाराकडून आत आत सरकत गेलो होतो, आणि भिंतीशी पोचलो तेव्हा माझ्या आणि दाराच्या मध्ये सगळा हॉल ओला होता.

कोरड्या पट्ट्याच्या अलीकडे वार्निशमध्ये एक मोठा डाग होता. माणूस उताणा पडला तर उठेल एवढा. तिथून पावलं परत निघाली होती, पण उलटी. टाचा दाराकडे, बोटं आत. मागे मागे चालत गेला होता तो. त्या पावलांच्या दोन्ही बाजूंना, थेट दारापर्यंत, दोन बारीक सरळ रेघा. अधूनमधून त्या रेघा थांबल्या होत्या. तिथे पावलं गोंधळल्यासारखी एकावर एक पडली होती, आणि एका जागी गुडघा टेकल्याची खूण होती. मग रेघा पुढे सुरू.

मशीनला चाकं असतात आणि ती रुंद असतात. मशीन तर कोपऱ्यात तसंच उभं होतं. त्या टाचांच्या रेघा होत्या. माझ्या कापडी बुटांच्या.

मी काही घासलं नाही. दिवा बंद केला आणि साडूच्या घरी गेलो.

तो चटईवर उताणा पडला होता, गुडघ्यांखाली लोड. गाद्या विकून जन्म गेला आणि आता डॉक्टरने गादी बंद केली आहे. मी दारात उभाच राहिलो. मेहुणीने खुर्ची सरकवली आणि आत निघून गेली.

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

तो समजला. "माहीत नाही. हाका मारल्या, तुम्ही ओ दिली नाहीत. म्हणून दार उघडलं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "जड आहात तुम्ही, दादा."

"बाईंना खरं का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तुमचं तुम्हाला कळत नाही असं? मग पुन्हा कोण काम देणार तुम्हाला?"

"मला सांगायचंस."

"तुम्ही ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं. उलट याच वहीत आणखी एक पान त्याच्या नावाने काळं केलं असतं.

"राहू दे आता," तो म्हणाला. "दोन्ही शाळा तुम्ही करा. कोणीतरी बरोबर ठेवा, आणि खिडक्या उघड्या ठेवा. मला एका दुकानात बोलावलंय, तिकडे जाईन." बोलता बोलता त्याने मान वळवून आत हाक मारली, "अगं, दूध." मेहुणी धावली. पातेलं आपटल्याचा आवाज आला, आणि स्वयंपाकघराच्या दारातून निळसर धूर बाहेर आला तेव्हा मला कळलं की दूध करपलं आहे. ते त्या उताण्या पडलेल्याला वासावरून कळलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी बसलो होतो.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. मला त्याचा त्या वेळी भयंकर राग आला, इतका चांगुलपणा कोणी एखाद्याच्या डोक्यावर लादतं का? मी उठलो आणि चालत घरी आलो. वाटेत दोनदा थांबलो.

घरी येऊन बाईंना फोन लावला. ही समोर बसली होती, तिला बसू दिलं.

मी म्हटलं, "बाई, जमीन ज्याने बिघडवली त्याने पाऊल ठेवायचं नाही, ही तुमची अट योग्य आहे. तो मी आहे. दारापासून सुरुवात केली आणि आत बेशुद्ध पडलो. माझा साडू मला ओढून काढायला आत आला होता. जमिनीचा दुसरा हात पाहिलात ना, छान म्हणालात तो? तो त्याचा आहे. पुढची कामं त्याला द्या. त्याची पाठ सरळ व्हायला थोडे दिवस लागतील, तेवढं थांबा."

मला वाटलं, आता झापतील. मीही तयार होतो, दोन उत्तरं जिभेवर ठेवली होती.

"तुम्ही बरे आहात ना?" त्यांनी विचारलं.

हे मला कोणी विचारलं की मी समोरच्याला सोलून काढतो. हिला काढलं आहे, साडूला काढलं आहे, डॉक्टरला काढलं आहे. फोन हातात तसाच धरून मी हिच्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणालो.